किडब्रूकच्या शाळेची सत्तर वर्षे भिंतीवर लावताना: प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२४

काम असे आहे. आम्ही राहतो ते किडब्रूक आग्नेय लंडनमध्ये, ग्रिनिच बरोच्या हद्दीत (बरो म्हणजे लंडनचा प्रशासकीय विभाग). इथली कोरेली रोडवरची माध्यमिक शाळा सप्टेंबर १९५४ मध्ये सुरू झाली. म्हणजे येत्या सप्टेंबरात सत्तर वर्षे होतील. रहिवाशांच्या गटाने तीन दिवसांचे प्रदर्शन ठरवले आहे: दहा पॅनेल, वस्तूंसाठी एक टेबल आणि ऐकायला दोन हेडफोन. बजेट ६०० पौंड. काम माझ्याकडे आले, कारण मी सभेला हजर होतो आणि वेळेवर खाली मान घातली नाही.

शाळेचे महत्त्व थोडक्यात. १९४४ च्या कायद्याने इंग्लंडात माध्यमिक शिक्षण सर्वांना फुकट झाले. पण अकराव्या वर्षी परीक्षा घ्यायची, वरच्या मुलांना ग्रामर स्कूल आणि बाकीच्यांना सेकंडरी मॉडर्न, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी झाली. लंडन काउंटी कौन्सिलला, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या स्थानिक सरकारला, ही वाटणी नको होती; सगळी मुले एकाच शाळेत, म्हणजे काँप्रिहेन्सिव्ह. त्यासाठी म्हणूनच बांधलेली लंडनमधली पहिली शाळा किडब्रूकची. सुमारे २००० मुलींसाठी, आणि तेव्हा फक्त मुलींसाठीच. आता मुलेमुली दोन्ही आहेत.

आपल्या भागातल्या शाळेचे असे काही कोणाला करायचे असेल, तर त्यांच्यासाठी या नोंदी. इतिहास वाचायला मिळेल, पण तो कामाच्या ओघात येईल तसा.

२४ फेब्रुवारी

पहिला पूर्ण शनिवार पाण्यात. शाळेचे अलीकडचे नाव हॅली ॲकॅडमी. ते घालून शोधले की धूमकेतूच धूमकेतू येतात, आणि एडमंड हॅली लीच्या चर्चच्या आवारात कसा पुरला आहे ते येते. शाळेचे जुने काहीच हाती लागत नाही.

कारण सरळ आहे. १९५४ पासून ही किडब्रूक स्कूल. २०११ मध्ये कोरेली कॉलेज. २०१८ मध्ये हॅली ॲकॅडमी. वरचा मालकही बदलत गेला: १९६५ पर्यंत लंडन काउंटी कौन्सिल, मग १९९० पर्यंत आतल्या लंडनसाठीची वेगळी शिक्षण संस्था, मग ग्रिनिच कौन्सिल, मग ॲकॅडमी ट्रस्ट, म्हणजे सरकारी पैशाने पण कौन्सिलबाहेर शाळा चालवणारी संस्था. दर वेळी कागद नव्या दप्तरात नव्या नावाने लागले, आणि काही कुठेच लागले नाहीत.

म्हणून आधी तक्ता केला. तीन रकाने: वर्षे, शाळेचे तेव्हाचे नाव, तेव्हा कारभार कोणाकडे. हे पान आता भिंतीवर आहे. कुठल्याही शोधयंत्रात काही टाकण्याआधी त्याच्याकडे बघायचे. तासाभराचे काम, पण हे आधी करा.

९ मार्च

हॅन्सार्ड म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कामकाजाची छापील नोंद. ती घरबसल्या फुकट वाचता येते आणि श्रेय देऊन उतारे वापरताही येतात. शाळेच्या इतिहासासाठी संसद कशाला, असे गटातल्या एकाने विचारले. या शाळेसाठी लागते.

नवी शाळा उघडायची तर जवळपासच्या काही शाळा तिच्यात घ्यायच्या, अशी कौन्सिलची योजना होती. त्यात एल्थम हिल हे मुलींचे ग्रामर स्कूल होते. तिथले पालक खवळले. शाळा बंद करायची तर कायद्याने मंत्र्याची मंजुरी हवी आणि स्थानिक लोकांना हरकत घेता येते. शिक्षणमंत्री होत्या फ्लॉरेन्स हॉर्सब्रू, हुजूर पक्षाच्या पहिल्या महिला कॅबिनेट मंत्री. मार्च १९५४ मध्ये, म्हणजे शाळेची इमारत जवळजवळ उभी असताना, त्यांनी एल्थम हिल बंद करायला नकार दिला. किडब्रूक उघडली, पण निवडक मुलींचा तो गट तिच्याबाहेरच राहिला. सगळ्यांची म्हणून बांधलेली शाळा पहिल्या दिवसापासून पूर्ण सगळ्यांची नव्हती. एल्थम हिल आजही चालू आहे. तिथली निवड परीक्षा मात्र कधीच गेली.

हे मी आमच्या मजल्यावरच्या वहिनींना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्या म्हणाल्या, "अहो भाऊजी, सत्तर वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलात? तुमचा चौथीत आहे ना? अकरा प्लसचा क्लास लावलात का?" शेजारच्या बेक्सली बरोमध्ये अजून चार ग्रामर स्कूल आहेत आणि सहावीच्या सुरुवातीलाच, सप्टेंबरात, त्यांची ही अकरा प्लस परीक्षा असते. आमच्या इमारतीतल्या निम्म्या मराठी घरांचे शनिवार त्या क्लासला जातात. एल्थमचे ते पालक मला त्या क्षणी फार ओळखीचे वाटले. दुसऱ्या पॅनेलचा मजकूर त्याच रात्री लिहून झाला.

२३ मार्च

लंडन मेट्रोपॉलिटन अर्काइव्ह्ज, क्लार्कनवेल. काउंटी कौन्सिलचे दप्तर इथे आहे. आधी नाव नोंदवून कार्ड घ्या, कागद आगाऊ मागवा, पेन घरी ठेवून पेन्सिल न्या. फोनने फोटो काढायचे तर वेगळे शुल्क आहे, ते भरा आणि मोकळे व्हा. हाताने उतरवत बसलात तर दिवस संपेल. वाचनकक्षातली माणसे मदतीला तत्पर आहेत, मात्र "शाळेबद्दल काय आहे?" असे मोघम विचारू नका. वर सांगितलेला तक्ता पुढे केला की काम पटकन होते.

मिळाले ते बांधकामाचे आणि समित्यांचे. मुलींची नावे, गुण, वर्तन असे ज्यात आहे ते अजून बंद, कारण त्यातल्या बऱ्याच जणी हयात आहेत. हे बरोबरच आहे, पण मला जरा चुटपुट लागली. आपल्याकडे शाळेचे जनरल रजिस्टर म्हणजे गावाची जन्मकुंडली. जन्मतारीख, जात, मूळ गाव, शाळा का सोडली, सगळे एका ओळीत. कुणबी नोंदी शोधायला लोक हल्ली त्याच वह्या धुंडाळतात. इथे त्या वाटेने जाता येत नाही. माणसेच शोधावी लागणार.

१३ एप्रिल

माणसे शोधायची पहिली युक्ती फसली. स्थानिक फेसबुक गटावर आवाहन टाकले. खाली भरपूर प्रतिसाद आले, पण ते पार्किंगबद्दल.

१९५४ मध्ये अकरा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशी ओलांडलेली आहे. ती फेसबुकवर नाही. ती औषधाच्या दुकानात, चर्चच्या बुधवारच्या जेवणाला आणि वाचनालयात आहे. मोठ्या अक्षरात छापलेली अर्ध्या पानाची चिठ्ठी या तिन्ही ठिकाणी ठेवली. त्यावर ईमेल नाही, फक्त घरचा फोन नंबर. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. छपाई ४ पौंड. सगळ्या प्रकल्पात एवढा वसूल झालेला दुसरा खर्च नाही.

२८ एप्रिल

मुलाखती. शिकलो ते असे:

संमतीपत्र आधी, चहा नंतर. उलटे केले की निघताना सही मागायला जीभ रेटत नाही. नाव छापायचे की नाही, आवाज ऐकवायचा की नाही, हे दोन वेगळे प्रश्न ठेवा. बऱ्याच जणी आवाजाला हो आणि नावाला नाही म्हणाल्या.

फ्रिज बंद करायला सांगा. ऐकताना आपल्याला त्याची घरघर जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र ती बाईंच्या वरचढ होते.

"शाळा कशी होती?" असे विचारले की "छान होती" एवढेच मिळते. "वर्गातून जेवायच्या हॉलपर्यंत कसे जायचे?" असे विचारा. एका आजींनी टेबलावरचे चमचे मांडून मला जिने दाखवले. एवढ्या मुली एका घंटेला बाहेर पडायच्या तेव्हा जिन्याची डावी बाजू सोडली की तुम्ही भलत्याच मजल्यावर, असे त्या म्हणाल्या. मग एक चमचा आडवा ठेवला: "आणि इथे बाई उभ्या." बाई म्हणजे पहिल्या मुख्याध्यापिका मेरी ग्रीन, ज्यांना पुढे डेम हा किताब (पुरुषांच्या 'सर'सारखा) मिळाला. सत्तर वर्षांनीही तो चमचा कोणी हलवला नाही.

दोघी बहिणी भेटल्या. थोरली एल्थम हिलला, धाकटी किडब्रूकला. दोघींना एकत्र बसवले आणि मी गप्प राहिलो. पंचेचाळीस मिनिटांत त्यांनी जे सांगितले, आणि जे एकमेकींसमोर सांगायचे टाळले, ते संसदेच्या चर्चेत कुठे नाही.

आवाजाचा मजकूर करून देणारे सॉफ्टवेअर आग्नेय लंडनच्या जुन्या बोलीपुढे हात टेकते. शब्दाच्या शेवटचा "ट" गिळलेला असतो आणि "थ"चा "फ" झालेला असतो. मशीनचा मजकूर दुरुस्त करण्यापेक्षा सरळ ऐकून लिहिणे लवकर झाले.

१८ मे

एकीच्या पोटमाळ्यावरून सगळ्या शाळेचा फोटो मिळाला. फिरत्या कॅमेऱ्याने काढलेला, जवळजवळ मीटरभर लांब. कित्येक दशके सुरळी करून ठेवलेला. इंग्लंडातल्या प्रत्येक जुन्या शाळेचा असा एक तरी असतो, आणि तो नेहमी सुरळीतच असतो. म्हणून हे सविस्तर.

जोर लावून उलगडू नका. वरचा जिलेटीनचा थर कोरडा पडून ठिसूळ झालेला असतो. आम्ही कड जरा दाबली तर बारीकशी तडतड ऐकू आली आणि फोटोतल्या आकाशात केसासारखी रेघ उमटली. तिथेच थांबलो.

मग ओलावा देण्याची पेटी केली. झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, तळाला ओला करून पिळलेला स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर सुरळी उभी. पाण्याचा थेंब फोटोला लागता कामा नये; फक्त हवा दमट हवी. झाकण लावून ठेवायचे आणि तासातासाने बघायचे. आमचा फोटो संध्याकाळपर्यंत मऊ पडला आणि आपसूक थोडा उघडला. हाताला चिकट लागला तर लगेच बाहेर काढा. रात्रभर झोपून सकाळी बघू, हा विचार करू नका. बुरशी आणि चिकटा दोन्हींची भीती.

बाहेर काढल्यावर वरखाली टिपकागद, त्यावर सपाट फळी, फळीवर वजन. टिपकागद दुसऱ्या दिवशी बदलला आणि आठवडाभर हात लावला नाही. खर्च: डबा ७ पौंड, टिपकागद १८ पौंड. वजन म्हणून घरातले दहा किलोचे तांदळाचे पोते चालले.

सपाट झाल्यावर स्कॅनिंग. साध्या स्कॅनरवर तुकड्यातुकड्याने स्कॅन करून कॉम्प्युटरवर जोडायचा बेत साफ फसला. मुलींच्या रांगांत सगळे चेहरे आणि सगळे गणवेश सारखेच. जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने एक अख्खी रांग दोनदा छापली आणि शिक्षिकांपैकी एक गायब केली. शेवटी फोटो भिंतीलगत सपाट ठेवला, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दोन सारखे दिवे लावले, कॅमेरा तिपाईवर समोर ठेवला आणि तीन भरपूर एकमेकांवर येणारे फोटो काढून हाताने जोडले. दिवे अगदी समोर ठेवले तर जिलेटीन चकाकते.

एक गंमत. या कॅमेऱ्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरायला वेळ लागायचा, म्हणून खोडकर मुले मागून धावत जाऊन दोन्ही टोकांना झळकायची, असे किस्से सगळीकडे ऐकायला मिळतात. आम्ही भिंगाने दोन्ही टोके तपासली. आमच्या फोटोत तशी कोणी नाही. फोटो आणणाऱ्या आजी म्हणाल्या, "बाई बघत होत्या."

८ जून

जेवणाचे पॅनेल. हे नसते तर बाहेरच्या कोणालाही या शाळेचे नाव माहीत नसते. २००५ च्या सुरुवातीला चॅनल ४ वर टीव्हीवरचा प्रसिद्ध शेफ जेमी ऑलिव्हर याची शाळेच्या जेवणावरची मालिका आली. ती याच शाळेच्या स्वयंपाकघरात चित्रित झाली, आणि तिथल्या प्रमुख नोरा सँड्स घराघरात पोचल्या. एका मुलाच्या ताटातल्या पदार्थांवर ३७ पेन्स खर्च होत होते. १९८० च्या कायद्याने जेवणाच्या पोषणाची सक्ती काढून टाकली होती. तेव्हापासून स्वस्त, तळलेले आणि पाकिटातले वाढत गेले. मालिकेनंतर सरकारने २८० मिलियन पौंड जाहीर केले आणि २००६ पासून नवे निकष यायला लागले.

गटात यावर कडाक्याचे भांडण. एक बाजू म्हणते, पॅनेल मोठे करा, लोक त्यासाठीच येतील. दुसरी म्हणते, सत्तर वर्षांची शाळा आणि तुम्ही टर्कीच्या मांसाच्या तयार वेटोळ्यांवर (त्या मालिकेत बदनाम झालेला पदार्थ) पॅनेल वाया घालवता? मी दुसऱ्या बाजूचा होतो. मग तेव्हा तिथे शिकत असलेला एक तरुण आला. त्याने सांगितलेले सगळे वाढणाऱ्या बायकांच्या बाजूचे होते: बदल टीव्हीवर झाला, पण भाज्या चिरायचे जादाचे तास त्यांच्या अंगावर पडले आणि मुलांनी ताटे परत केली तर बोलणी त्यांनाच. पॅनेल ठेवले. जेमीचा फोटो नाही. ३७ पेन्सची नाणी एका काचेखाली मांडली आहेत. किंमत: ३७ पेन्स.

६ जुलै

टेबलासाठी वस्तू. सगळ्यांत बोलका निघाला तो एक ॲप्रन. स्वयंपाकाच्या तासाला लागणारा ॲप्रन आधी शिवणाच्या तासाला स्वतः शिवायचा, ही तेव्हाच्या इंग्लिश शाळांतली सर्रास पद्धत. या ॲप्रनवर मालकिणीचे आडनाव साखळी टाक्यात आहे. पहिली चार अक्षरे टपोरी आणि सुबक. मग कापड संपत आले असावे. शेवटची तीन एकमेकांवर चढली आहेत.

इस्त्री केली नाही, धुतला नाही. टाचणीने लावला तर गंजाचा डाग पडतो, म्हणून सुती नाडीने पॅडवर बांधला. मालकिणीने प्रदर्शनानंतर परत मागितला आहे. तशी तारखेसह पोच लिहून दिली. प्रत्येक वस्तूला पोच द्या, शेजारच्या आजींनी दिलेली असली तरी. त्यांना राग येत नाही. उलट वस्तूला किंमत आहे हे कळते.

हक्कांचे थोडे. पोटमाळ्यावरचा फोटो आजींच्या मालकीचा, पण छापायचा हक्क फोटोग्राफरचा किंवा त्याच्या वारसांचा असू शकतो. मागे शिक्का अर्धवट पुसलेला. अशा बेवारस कृतींसाठी इथे सरकारी परवाना मिळतो: मालकाचा मनापासून शोध घेतल्याचा पुरावा द्यायचा, एका कृतीच्या अर्जाला २० पौंड, आणि कमाईचा हेतू नसेल तर परवाना १० पेन्सला. पैसे कमी आहेत. शोधाच्या पुराव्याला मात्र आठवडे गेले. हे मे महिन्यात सुरू करायला हवे होते.

वस्तीच्या बदलासाठी जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर आहेत. आजच्या उपग्रहचित्राच्या शेजारी जुना नकाशा ठेवून बघता येतो. शाळेजवळ आधी हवाई दलाचा तळ, मग १९७० च्या सुमाराची फेरियर इस्टेट, ती २००९ पासून पाडून आता आमचे हे काचेचे टॉवर. शाळा त्याच जागी. मुले कोणाची ते बदलत गेले.

१७ ऑगस्ट

छपाई. ए-१ आकाराची दहा पॅनेल, पाच मिलिमीटर फोमबोर्डवर. पहिल्या छापखान्याने (नाव नको) कडेला सोडायची जागा न धरता कापले आणि चार पॅनेलवर शेवटची ओळ अर्धी गेली. फाइलमध्ये जागा सोडलेली होती, तरी त्यांनी हात वर केले. पुन्हा छपाई दुसरीकडे, १३२ पौंड जादा. तिथे आधी एकच पॅनेल नमुना म्हणून करून घेतले. सर्वांनी तसेच करा.

अक्षरांचा आकारही नमुन्यावरच कळला. पडद्यावर जे वाचता येते ते दोन हात अंतरावरून, ऐंशीच्या डोळ्यांना, वाचता येत नाही. मजकूर तिसऱ्या हिश्शाने कापला. मंत्रिणबाईंचे दोन परिच्छेद गेले, बहिणींचे राहिले.

७ सप्टेंबर

पॅनेल छापून, गुंडाळून तयार. आणि ऑगस्टच्या शेवटी लंडन मेट्रोपॉलिटन अर्काइव्ह्जने नाव बदलले: आता नुसते लंडन अर्काइव्ह्ज. आमच्या पाच पॅनेलवर श्रेयाच्या ओळीत जुने नाव. गटातली सगळी जमात हसत सुटली. तक्ता माझ्याच भिंतीवर होता ना. पांढऱ्या चिकटपट्ट्यांवर नवे नाव छापून रात्री सगळ्यांवर चिकटवले. खर्च ६ पौंड. जवळून पाहिले तर कळते.

२९ सप्टेंबर

प्रदर्शन झाले. पावसातही माणसे आली. लांब फोटोपुढे सर्वांत गर्दी, आणि तिथेच अडचण: प्रत्येक जण बोट टेकवून चेहरे शोधत होता. दुसऱ्या दिवशी पुढे टेबल आडवे लावले आणि फोटोची एक साधी कागदी प्रत, पेन्सिली आणि "ओळखलेत तर नाव लिहा" अशी पाटी ठेवली. पहिल्या दिवसापासून हवी होती. नावांचा कागद भरून दुसरा लावावा लागला. ही यादी छापायची नाही; ती ज्यांची आहे त्यांना विचारूनच पुढे काय ते.

हेडफोन कोणी फारसे वापरले नाहीत. खुर्ची नव्हती. उभ्याने पाच मिनिटे कोण ऐकणार?

वहिनी आल्या. एल्थम हिलचे पॅनेल त्यांनी सबंध वाचले आणि मला विचारले की या शाळेत प्रवेशाचा अर्ज कधी करायचा असतो. ३१ ऑक्टोबर, मी म्हटले. त्यांनी फोनवर टिपून घेतले. क्लास सोडलेला नाही.

१२ ऑक्टोबर

हिशेब. एकूण ७४८ पौंड, म्हणजे बजेटच्या वर १४८. त्यातले १३२ त्या कापाकापीचे. फरक गटाने चहाच्या डब्यातून भरला. माझा वेळ धरलेला नाही, आणि बायकोने धरायचे ठरवले तर हिशेब वेगळा होईल.

उरलेली कामे: ॲप्रन आणि दोन वह्या परत द्यायच्या. लांब फोटो पुन्हा सुरळी होऊ नये म्हणून आजींसाठी सपाट खोके शोधायचे. एवढ्या लांबीचे आयते मिळत नाही, पुठ्ठा आणून करावे लागेल. मुलाखतींच्या फाइल तीन ठिकाणी ठेवल्या आहेत, संमतीपत्रे त्यांच्यासोबतच. फाइलच्या नावात शाळेची तिन्ही नावे घातली आहेत, चौथ्यासाठी जागा सोडून. पॅनेल जानेवारीपर्यंत माझ्या पलंगाखाली आहेत. कोणत्या वाचनालयाला हवी असतील तर गाडी घेऊन यावे, लिफ्टमध्ये ए-१ आडवे मावत नाही.